डाग तिसऱ्या दिवशी दिसतो

सावद्याहून निघालो तेव्हा रात्रीचे साडेनऊ,
तरी दाराचा पत्रा हाताला चटका देत होता.
मागे एकशे वीस कॅरेट,
हिरवी, नवरदेवासारखी ताठ केळी.

सायबू तडवी म्हणायचा,
कच्च्या केळ्याला धक्का लागला तर ते ओरडत नाही.
तिसऱ्या दिवशी, पिकताना, काळं पडून सांगतं.
तोवर तू दुसऱ्याच गावात असतोस
आणि व्यापारी फोनवर तुझं भाडं कापत असतो.
म्हणून ब्रेक असा दाब,
जसा झोपलेल्या पोराच्या मानेखालून
हात काढून घेतोस.

आमोद्याच्या पुढे तो मागे लागला.
पांढरी गाडी, काळ्या काचा,
पाटीवर आकडे वळवून केलेलं ‘दादा’.
दिवे वर-खाली, वर-खाली,
आणि हॉर्न असा,
की मी त्याच्या घरचं पाणीच अडवून बसलोय.
अर्धा रस्ता उकरलेला, अर्ध्यावर खडी.
कुठे सरकू? बागेत घालू गाडी?

जागा मिळाली तशी बाजू दिली.
तो गेला.
गेला असता तर बरं होतं;
त्याने पुढे जाऊन गाडी आडवी घातली.

उतरला. पांढरे बूट.
हातात काही नव्हतं,
पण हात असा धरलेला, की काहीतरी असावं.

भिका एकोणीस वर्षांचा, माझा क्लीनर.
सीटखालची टॉमी त्याच्या हातात कधी आली, कळलं नाही.
म्हणाला, काका, एकच.
मी म्हटलं, ठेव खाली.
एकच, असं कधी नसतं.

काच वर घेतली. दाराचा खटका दाबला.
इंजिन चालू ठेवलं, दोन्ही हात स्टेअरिंगवर,
त्याला दिसतील असे.
नजर त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर,
डोळ्यांपर्यंत जाऊ दिली नाही.
त्याने बॉनेटवर थाप मारली.
आईवरून दिली.
आई जाऊन चौदा वर्षं झाली,
तिला कुठून ऐकू येणार.

चार बोटं काच खाली केली.
चुकलं भो माझं. जाय, तू पुढे जाय.
चुकलं नव्हतं.
पण त्या शब्दाला वजन नसतं,
त्याने गाडी ओव्हरलोड होत नाही.

तो उभाच राहिला थोडा वेळ.
भांडायला आलेल्या माणसाला
भांडण मिळालं नाही, की त्याचे हात मोठे दिसतात,
कुठे ठेवावे ते त्याला कळत नाही.
मग बूट आपटत गेला.

पिंपरूडच्या टपरीवर गाडी लावली.
तहान नव्हती.
त्याला लांब जाऊ द्यायचं होतं,
आणि क्लचवरचा माझा पाय थरथरत होता,
तो थांबायला हवा होता.
भिका चहाकडे बघेना.
घाबरलात ना, म्हणाला.
हो, म्हटलं.

मग त्याला सांगितलं.
पारोळ्याच्या बायपासला मीही एकच मारली होती,
एका रिक्षावाल्याला, कानाखाली.
इंडिकेटर न देता वळला म्हणून.
चष्मा उडाला त्याचा.
तो खाली बसून एक काच शोधत राहिला
आणि गाड्या त्याला वळसा घालून जात राहिल्या.
मी शिट्टी वाजवत घरी आलो.
तिसऱ्या दिवशी जेवताना
घास हातातच राहिला.
बायको म्हणाली, मीठ कमी आहे का?

तापीच्या पुलावर सगळंच तुंबलेलं.
एक ट्रॅक्टर बंद पडला होता म्हणे.
आमच्या पुढे पाच गाड्या सोडून तोच पांढरा,
हॉर्न वाजवतोय
काळ्या पाण्यावर, कोणाला कोण जाणे.
भिका हसला. मग हसायचा थांबला.
लांब भुसावळचे दिवे उन्हाळ्याच्या धुरळ्यात पिवळे.

काका, त्याला काच सापडली का?

रांग हातभर पुढे सरकली.
मी हळूच ब्रेक सोडला, हळूच दाबला.
मागे एकही कॅरेट वाजलं नाही.